दास्यमुक्तीच्या तारखा आणि जोतीराव फुले

अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ साली अडीचशे वर्षे पूर्ण होतात आणि महात्मा जोतीराव फुले यांच्या जन्माला २०२७ साली दोनशे. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अमेरिकेचा इतिहास आपण शाळेत चार-दोन सनावळ्या पाठ करून सोडून देतो, आणि जोतीरावांचे स्मरण जयंती-पुण्यतिथीस पुतळ्याला हार घालून उरकतो. वास्तविक पुण्याच्या गंज पेठेत राहणाऱ्या या पुरुषाने अमेरिकेच्या इतिहासाकडे जितक्या जिव्हाळ्याने पाहिले, तितक्या जिव्हाळ्याने त्या काळातील फार थोड्या हिंदी माणसांनी पाहिले असेल. आपला एक प्रमुख ग्रंथ त्यांनी अमेरिकेच्या जनतेला अर्पण केला. तो कशासाठी केला आणि त्या देशाच्या इतिहासातून त्यांनी स्वतःसाठी काय घेतले, हे पाहिले म्हणजे त्यांच्या साऱ्या आयुष्याची संगती लागते.

जोतीरावांचे मूळ घराणे गोऱ्हे यांचे, सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पेशवाईत पुण्यात फुलांचा व्यवसाय केल्यामुळे त्यांना फुले हे नाव पडले. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि त्यानंतर नऊ वर्षांनी, म्हणजे १८२७ साली, जोतीराव जन्मले. आई चिमणाबाई त्यांच्या तान्हेपणीच वारल्या. वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेत घातले खरे, परंतु माळ्याच्या मुलाला शिकून काय करावयाचे आहे, असा सल्ला देणारे भेटले आणि शिक्षण थांबले. गफार बेग मुनशी आणि लिजीट साहेब या दोन शेजाऱ्यांनी मुलाची बुद्धी ओळखून गोविंदरावांचे मन वळविले नसते, तर मळ्यातच त्यांचे आयुष्य गेले असते. १८४१ साली स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते पुन्हा दाखल झाले आणि १८४७ पर्यंत त्यांचे इंग्रजी शिक्षण झाले. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर यांच्यासारखे ब्राह्मण मित्र त्यांना याच काळात लाभले. हे तरुण मित्र शिवाजी महाराज आणि जॉर्ज वॉशिंग्टन या दोघांची चरित्रे सारख्याच उत्कंठेने वाचीत, असे चरित्रकार नोंदवितात. टॉमस पेन या लेखकाचा मानवी हक्कांवरील ग्रंथ जोतीरावांच्या हाती आला तोही याच सुमारास.

टॉमस पेनची थोडी ओळख येथे करून देणे आवश्यक आहे. तो जन्माने इंग्रज. बायकांच्या चोळ्यांना घालावयाच्या काड्यांचे काम करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा १७७४ साली अमेरिकेत गेला. १७७६ च्या जानेवारीत त्याने एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले आणि तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाशी असलेला संबंध तोडून टाकावा, असे साध्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगितले. त्याच वर्षी ४ जुलै रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या समर्थनार्थ त्याने १७९१-९२ मध्ये मानवी हक्कांवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. हक्क ही राजाने दिलेली देणगी नव्हे, पूर्वजांनी केलेल्या करारानेही ती पुढल्या पिढ्यांना बांधता येत नाही, प्रत्येक मनुष्य आपले हक्क जन्मतःच घेऊन येतो, हा त्या ग्रंथाचा गाभा होय.

इंग्लंडमधील वाचकाला हा विचार राजाविरुद्धचा वाटला. पुण्यातील वीस वर्षांच्या वाचकाला तो आणखी निराळा वाटला असला पाहिजे. ज्या समाजात जन्मानेच मनुष्याचा व्यवसाय, त्याचे पाणी, त्याचा रस्ता आणि त्याचे अज्ञान ठरत होते, त्या समाजात जन्माने हक्क मिळतात ही कल्पना सारी रचना उलटी करणारी होती. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत चालत असता शूद्र म्हणून त्यांचा पाणउतारा करण्यात आला. पुस्तकात वाचलेला प्रश्न अशा रीतीने रस्त्यावर समोर उभा राहिला. या अपमानानंतर सूड किंवा बंड यांच्या गोष्टी न करता त्यांनी मुलींची शाळा काढली, ही गोष्ट त्यांच्या स्वभावाची निदर्शक आहे.

या शाळेच्या कल्पनेलाही अमेरिकेचा एक धागा आहे. अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार मुलींची शाळा चालवीत. या बाई १८२७ साली, म्हणजे जोतीरावांच्या जन्मवर्षीच, अमेरिकेहून मुंबईस आलेल्या होत्या. गोवंडे यांच्या समवेत जोतीरावांनी ती शाळा पाहिली आणि परत आल्यावर १८४८ साली बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात मुलींचे वर्ग सुरू केले. पुढे सावित्रीबाईंनी मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले. या कार्यापायी १८४९ साली पतिपत्नींना घर सोडावे लागले. १८५१ साली चिपळूणकरांच्या वाड्यात दुसरी शाळा निघाली, १८५२ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी वेताळ पेठेत शाळा झाली. त्याच वर्षी १६ नोव्हेंबर रोजी विश्रामबागवाड्यात सरकारच्या वतीने मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. शालजोडी मिळाली म्हणून त्यांनी स्वस्थ बसावयाचे ठरविले नाही. १८५५ मध्ये त्यांनी रात्रीची शाळा काढली, १८६३ मध्ये फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले.

इकडे हे काम चालू असता तिकडे अमेरिकेत काय चालले होते? सर्व माणसे समान आहेत, अशी ग्वाही देणारा जाहीरनामा १७७६ चा. परंतु १७८७ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फिया येथे जी राज्यघटना तयार झाली, तिच्यात गुलामगिरीला संरक्षण मिळाले. दक्षिणेकडील संस्थानांचे प्रतिनिधी ठरविताना गुलामांची गणना करावयाची, पण पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब घालण्यात आला. गुलामांची आयात १८०८ पूर्वी बंद करावयाची नाही, असे बंधन काँग्रेसवर घातले गेले. पळून गेलेला गुलाम मालकाला परत करावा, असेही कलम होते. आश्चर्य असे की, गुलाम हा शब्द त्या मसुद्यात कोठेही वापरलेला नाही. करणाऱ्यांनाही त्या शब्दाची लाज वाटत होती, पण व्यवहार मात्र सोडावयाचा नव्हता. १८५७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट याच्या खटल्यात कृष्णवर्णीयांना नागरिकत्वाचा हक्कच नाही, असा निर्णय दिला. अखेर १८६१ साली यादवी युद्ध पेटले. १ जानेवारी १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर प्रदेशातील गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली. १८६५ च्या डिसेंबरात तेरावी घटनादुरुस्ती अंमलात येऊन गुलामगिरी देशभर रद्द झाली. १८६८ साली चौदाव्या दुरुस्तीने समान संरक्षणाचा हक्क दिला आणि १८७० साली पंधराव्या दुरुस्तीने मताधिकारात वर्णावरून भेद करण्यास मनाई केली.

या युद्धाची झळ आणि चमक दोन्ही आपल्या इलाख्यापर्यंत पोहोचल्या होत्या, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबई बंदरात कापसाचे भाव भडकले. सट्टेबाजीला ऊत आला. भाव चढले तशी शेतकऱ्याची पत वाढली, आणि पत वाढली तसे कर्ज वाढले. १८६५ साली युद्ध संपले आणि मुंबईतील कंपन्यांचा फुगा फुटला. नंतरच्या वर्षांत भाव उतरले, पण इंदापूरसारख्या तालुक्यांत १८६७ पासून झालेल्या फेरआकारणीने सारा मात्र चढला. उतरते भाव आणि चढता सारा यांच्या कात्रीत सापडलेल्या कुणब्याचा संताप १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उफाळून आला. पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत सावकारांची खाती आणि कर्जरोखे जाळले गेले. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. मिसिसिपीच्या काठी गुलामांच्या सुटकेसाठी युद्ध व्हावे आणि त्याच्या परिणामांनी भीमेच्या काठचा शेतकरी सावकाराच्या अधिकच कचाट्यात सापडावा, असा हा इतिहासाचा विलक्षण व्यवहार आहे. या साऱ्याला कापूस हे एकच कारण होते असे नव्हे, परंतु ते एक कारण निश्चितच होते.

ज्या १८६८ साली अमेरिकेत चौदावी दुरुस्ती संमत झाली, त्याच साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. या दोन घटनांत कार्यकारण संबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि दोहोंचे मर्म एकच आहे. कायद्याने समान ठरलेला मनुष्य पाण्यापाशी समान ठरतो की नाही, ही त्या समानतेची खरी परीक्षा असते.

१८७३ साली जोतीरावांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जोतीराव आणि धोंडीबा यांच्यातील संवादाच्या रूपाने तो लिहिला आहे. कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी अमेरिकेतील ज्या सज्जनांनी निःस्वार्थ बुद्धीने त्याग केला, त्यांच्या गौरवार्थ तो अर्पण केला असून आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यात व्यक्त केली आहे. ही अर्पणपत्रिका बारकाईने पाहावयास हवी. अमेरिकेचे नाव घेताना त्या काळचा सुशिक्षित वर्ग वॉशिंग्टनचे आणि परकीय राजाचे जोखड झुगारून देणाऱ्या १७७६ या वर्षाचे स्मरण करी. जोतीरावांनी तारुण्यात वॉशिंग्टनचे चरित्र वाचले होते, तरी ग्रंथ अर्पण करावयाची वेळ आली तेव्हा त्यांनी गौरव केला तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांचा. परक्याविरुद्ध लढणे त्यांना कमी महत्त्वाचे वाटत होते, असा याचा अर्थ नाही. परंतु आपल्याच समाजातील काहींनी आपल्याच समाजातील इतरांना मुक्त करण्यासाठी हानी सोसावी, हे त्यांना अधिक दुर्मिळ आणि म्हणून अधिक वंदनीय वाटले. हिंदुस्थानात उच्चवर्णीयांकडून त्यांची हीच अपेक्षा होती, आणि ती पुरी होत नाही ही त्यांची व्यथा होती.

या ग्रंथात दशावतारांच्या कथांचा जो ऐतिहासिक अर्थ लावला आहे, तो आजच्या संशोधनाला जसाच्या तसा मान्य होणार नाही. इंग्रजी राज्यावर त्यांनी ठेवलेला भरवसाही अनेकांना खटकला आहे, आणि त्या भरवशाला मर्यादा होत्या हे उघड आहे. पण ग्रंथाचा मूळ प्रश्न या आक्षेपांनी बाद होत नाही. मनुष्याला गुलाम ठेवण्यासाठी बेडीच लागते असे नाही. त्याला अक्षरशत्रू ठेवले आणि त्याच्या श्रमाचा हिशेब दुसऱ्याच्या हाती ठेवला तरी ते काम होते, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी त्यांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली, ती हा निष्कर्ष आचरणात आणण्यासाठीच.

जोतीराव हे केवळ विचारवंत नव्हते. ते व्यवहार जाणणारे गृहस्थ होते. त्यांनी शेती केली, बांधकामाची कंत्राटे घेतली. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने हजार रुपये खर्च करण्याचे ठरविले, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा म्हणून त्यांनी एकट्याने विरोध केला, असे चरित्रकार सांगतात. सार्वजनिक पैसा कोणाकडून येतो आणि कोणावर खर्च होतो, हा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही.

१८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले, त्यात हाच प्रश्न अत्यंत स्पष्टपणे मांडलेला आहे. सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा मोठा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाला मिळतो, असे त्यांनी दाखवून दिले. उच्च शिक्षण हळूहळू खाली झिरपेल, या सरकारी गृहीतकावर त्यांचा विश्वास नव्हता. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शक्य तेथे शेतकरी वर्गातून तयार करावेत, अभ्यासक्रमात शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान असावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिक्षकाच्या पगाराचा आकडाही त्यांनी दिला. तो दरमहा १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावांत १५ ते २० असावा. समतेचा पुरस्कार करणारे अनेक असतात, पण त्या समतेसाठी गावच्या मास्तरला महिना किती द्यावे लागतील, हे सांगणारा सुधारक विरळा.

पुढल्याच वर्षी, १८८३ साली, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे सांगून ते थांबले नाहीत. डोंगरउतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून ताली आणि बंधारे घालावेत, त्या कामी पलटणीतील आणि पोलिसातील रिकाम्या माणसांचा उपयोग करावा, तळी-विहिरींची सोय करावी, जनावरांची पैदास सुधारावी, अशा उपायांची यादीच त्यांनी दिली. १८८८ च्या २ मार्चला ड्यूक ऑफ कनॉट यांच्यासाठी पुण्यात झालेल्या समारंभास ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि हीच खरी रयत आहे, असे त्यांनी राजपुत्राला ऐकविले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला, तरी डाव्या हाताने त्यांनी आपला शेवटचा ग्रंथ ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून पूर्ण केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

ज्या अमेरिकेचा जोतीरावांनी गौरव केला, तिने तो गौरव पुरता सार्थ केला काय? दुर्दैवाने तसे म्हणता येत नाही. मुक्त झालेल्या गुलामांना जमीन मिळाली नाही. ते जुन्याच मालकांच्या शेतावर वाट्याने राबू लागले आणि कर्जात बुडाले. १८७७ मध्ये दक्षिणेतील केंद्रीय फौजांचा आधार काढून घेतला गेला आणि तेथील संस्थानांनी मताधिकाराला एकामागून एक अडसर घातले. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या पण समान सोयींचे तत्त्व उचलून धरले. शाळांपुरते ते तत्त्व रद्द होण्यास १९५४ साल उजाडावे लागले. घटनेत तीन दुरुस्त्या झाल्या, पण जमीन, शाळा आणि कर्ज यांची तरतूद झाली नाही, म्हणून त्या दुरुस्त्या जवळपास शंभर वर्षे कागदावर राहिल्या. जोतीरावांनी आपल्याकडे शाळा, पाणी आणि सारा या तीनच गोष्टींचा अखंड पाठपुरावा का केला, याचे उत्तर अमेरिकेच्या या अनुभवात सापडते.

जोतीरावांचा हा वारसा ज्यांनी पुढे नेला, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले, आणि १९४६ साली शूद्रांच्या मूळाविषयीचा आपला ग्रंथ त्यांनी जोतीरावांच्या स्मृतीस अर्पण केला. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेचे पंधरावे कलम वाचताना गंज पेठेतील तो हौद आठवल्यावाचून राहत नाही. कारण विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट यांचा उल्लेख त्या कलमात नावानिशी आहे. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे पंचेचाळिसावे कलम सांगत होते. ती दहा वर्षे १९६० साली संपली. शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला तो २००२ च्या घटनादुरुस्तीने, आणि त्याचा कायदा प्रत्यक्ष लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. हंटर आयोगापुढील निवेदनापासून मोजल्यास या मागणीला १२८ वर्षे लागली.

इतका विलंब लागला तो तत्त्व पटले नव्हते म्हणून नव्हे; खर्चाची तयारी नव्हती म्हणून. आजही हक्काचे कलम आणि अंदाजपत्रकातील तरतूद यांची तोंडे दोन दिशांना असतात. २००० साली महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली आणि पहिली तीन वर्षे मानधनावर राबण्याची पाळी नव्या शिक्षकावर आली. पट कमी म्हणून लहान गावांच्या शाळा एकत्र करण्याच्या योजना अधूनमधून पुढे येतात. त्यांच्या बाजूने काटकसरीचे मुद्दे मांडता येतात, आणि ते सगळेच फोल असतात असे नाही. परंतु ज्या वस्तीतील शाळा बंद होते, तेथील मुलीला पुढच्या गावापर्यंत कोण पोहोचविणार, हा हिशेबही त्याच ताळेबंदात मांडला पाहिजे. जोतीरावांनी तो मांडला असता.

भिडेवाड्याची जुनी इमारत आता राहिलेली नाही. २०२३ साली ती स्मारकासाठी पाडण्यात आली. स्मारक अवश्य व्हावे. पण जोतीरावांच्या द्विशताब्दीचे भाषण देणाऱ्याने त्याआधी आपल्या जिल्ह्याच्या शिक्षणखर्चाचे आकडे एकदा नजरेखालून घालावेत, आणि किती शाळांत मास्तर आहेत व किती शाळांत नुसती पाटी आहे, याची विचारपूस करावी. जोतीरावांनी १८८२ साली सरकारकडे मागितले होते ते एवढेच.